अवशेषांगं 'निरुपयोगी' नसतील तर पुरावा कशाचा?

कोरडा_समुद्र
मुलगी दहावीला आहे. परवा उत्क्रांतीचा धडा मोठ्याने वाचत होती. आंत्रपुच्छ (ॲपेंडिक्स), अक्कलदाढ, माकडहाड, कान हलवणारे स्नायू ही आपली अवशेषांगं. पूर्वजांना ती लागायची, आपल्याला लागत नाहीत, तरी शरीरात राहिली, म्हणून हा उत्क्रांतीचा पुरावा. मीही शाळेत हेच घोकलं होतं, म्हणून मान डोलावली.

तर तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं ॲपेंडिक्स काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की त्याचा थोडा उपयोग असतो. मग ते अवशेषांग नाही का? आणि नसेल तर एक पुरावा कमी झाला?"

मी 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. त्याला चार दिवस झाले. शोधायला गेलो तर गोंधळ वाढला. कोणी म्हणतं शरीरात शंभरावर अवशेषांगं आहेत. कोणी म्हणतं एकही नाही, सगळ्यांचा उपयोग सापडलाय, सबब उत्क्रांतीच खोटी. मला दोन्ही पटत नाही. साधा प्रश्न आहे: 'निरुपयोगी' ही अट काढून टाकली तर अवशेषांग म्हणजे नेमकं काय उरतं, आणि त्यातून उत्क्रांतीबद्दल काय कळतं?

सोप्या शब्दांत लिहा. मला ते पुढे तिच्यासमोर म्हणून दाखवायचंय.

खारूताई
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

अडगळ
शीर्षक वाचून बायकोने एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. धागाकर्त्याचा निषेध.

टाकेवाली
तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. मी सर्जन आहे, किती ॲपेंडिक्स काढली ते मोजणं केव्हाच सोडून दिलंय. त्याच्या भिंतीत रोगप्रतिकाराच्या कामाची लसिका ऊती ठासून भरलेली असते. शिवाय २००७ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक कल्पना मांडली. जुलाबात आतडं धुऊन निघालं की चांगले जिवाणू वाहून जातात. त्यातले काही या आडबाजूच्या बोळात तग धरतात आणि सगळं निवळलं की पुन्हा आतड्यात पसरतात. म्हणजे बियाण्यासाठी राखून ठेवलेली कणगी. अर्थात ते काढून टाकलेली माणसं ठणठणीत जगतात हेही मी रोज बघते.

डार्विनला वाटायचं, पाला पचवणाऱ्या पूर्वजांचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) मोठं असणार, ते आकसलं आणि त्याचं शेपूट उरलं ते आंत्रपुच्छ. ससा किंवा कोआला बघा, त्यांचं अंधांत्र केवढं तरी मोठं असतं. पण मेख अशी की सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षावर आंत्रपुच्छ कुठे कुठे आहे ते मांडून बघितल्यावर दिसलं, ते तीसहून जास्त वेळा स्वतंत्रपणे उगवलंय. नुसता आकसत चाललेला कचरा तीस-तीस वेळा नव्याने उगवत नाही. त्यामुळे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण हेच सगळ्यात डळमळीत आहे, असं माझं मत.

अवांतर: नोंद असलेली पहिली यशस्वी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया १७३५ ची, लंडनमध्ये क्लॉडियस अमियँडने केलेली. ११ वर्षांचा मुलगा, हर्निया, आणि आत अडकलेल्या आंत्रपुच्छात एक टाचणी. भूल देण्याची सोय यायला अजून शंभरावर वर्षं होती.

आणि हो, आयुष्यात कधीतरी ते सुजण्याची शक्यता शंभरात सात-आठ आहे. सुजलं तर काढायचंच. 'कणगी आहे' म्हणून पोट धरून बसू नका.

उलटतपासणी
बघा, म्हणजे पहिलाच साक्षीदार फितूर.

माझा आक्षेप मूळ युक्तिवादाला आहे. 'उपयोग माहीत नाही' यावरून 'उपयोग नाही' असा निष्कर्ष काढायचा, आणि त्यावरून उत्क्रांती सिद्ध झाली म्हणायचं. उद्या उपयोग सापडला की 'हो हो, पण नवा उपयोग आहे' म्हणायचं. छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास. मी उत्क्रांतीविरोधी नाही, पण हा पुरावा कोर्टात टिकायचा नाही.

मधलीसुट्टी
वकीलसाहेबांच्या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य. २२ वर्षं जीवशास्त्र शिकवतोय आणि हा धडा शिकवताना दर वर्षी याच जागी अडखळतो.

थोडा इतिहास. डार्विनने १८५९ च्या पुस्तकात अशा अवयवांवर लिहिलं तेव्हाच नोंदवलं होतं की एखादा अवयव एका कामापुरता निकामी होऊन दुसऱ्या कामापुरता शिल्लक राहू शकतो. मग १८९३ मध्ये रॉबर्ट वीडर्सहाइम या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसातल्या ८६ अवयवांची यादी केली. त्यात मेंदूतली पिनिअल ग्रंथीसुद्धा होती. पुढे १९५८ मध्ये तिच्यातून मेलाटोनिन मिळालं, आणि झोप-जागेच्या चक्राशी तिचा संबंध लागत गेला. छातीतल्या थायमस ग्रंथीकडेही लोक असंच दुर्लक्ष करायचे, तिचं काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवलं. गंमत म्हणजे यादी आटायच्या ऐवजी फुगली. १९२५ च्या अमेरिकेतल्या स्कोप्स खटल्यात (उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर चाललेला) दिलेल्या एका निवेदनात वीडर्सहाइमच्या नावावर १८० अवयव घातलेले आहेत! धागाकर्त्याला सापडलेले 'शंभरावर' बहुधा या यादीचे वारसदार.

पण व्याख्येत 'निरुपयोगी' हा शब्द मुळात हवाच कशाला? व्याख्या अशी करून बघा: ज्या कामासाठी हा अवयव घडला ते काम गेलं, अवयव मात्र छोट्या किंवा मोडक्या रूपात राहिला. आता तो रिकामा बसलाय की दुसरी चाकरी करतोय, हा वेगळा प्रश्न. शहामृगाचे पंख घ्या. पळताना तोल सावरायला आणि मादीसमोर नाचायला ते छान उपयोगी पडतात. पण पंखाची हाडं, सांधे, पिसं हा सगळा थाट तोल सावरण्यासाठी जमवलेला नाही ना?

रात्रपाळी
+१. शेवटचं वाक्य चपखल.

उलटतपासणी
मास्तर, 'ज्या कामासाठी घडला' हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही आधी उत्क्रांती गृहीत धरलीत, त्यावरून मूळ काम ठरवलंत, आणि मग तेच उत्क्रांतीचा पुरावा म्हणून पुढे केलंत. गोल गोल राणी.

पायरी_चुकली
तुमचं कोर्ट चालू द्या. मी फक्त एवढंच सांगायला आले की माकडहाड निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्याने एकदा जिन्यावरून त्यावर आपटून बघावं. तीन महिने कडेकडेने बसत होते. शिंकताना, उठताना, कूस बदलताना, प्रत्येक वेळी ते 'मी आहे हां' म्हणायचं. डॉक्टरांनी सांगितलं की ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू तिथे अडकवलेले असतात.

अडगळ
मला तर कौतुक त्या शब्दाचं वाटतं. कोणा पूर्वजाने आपल्या ढुंगणाशी चाचपून बघितलं आणि बिनदिक्कत 'माकडहाड' म्हणून मोकळा झाला. डार्विनला उगाच एवढं जहाजातून फिरावं लागलं.

टाकेवाली
@पायरी_चुकली, स्नायू अडकवायची खुंटी म्हणून काम आहेच. पण खुंटीच हवी होती तर एक सरळ हाड पुरलं असतं. ते तीन ते पाच छोट्या मणक्यांचं, एकमेकांना चिकटलेलं का असतं? पाचव्या-सहाव्या आठवड्यातल्या मानवी गर्भाला व्यवस्थित शेपूट असते, आत मणके असतात. आठव्या आठवड्यापर्यंत ती विरघळून जाते. बनवायची आणि मोडायची.

शेपूट गेली कशी यावर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक सुंदर काम आलं. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक 'आलू' तुकडा घुसला (हसू नका, खरंच आलू म्हणतात). तो माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन अशा बिनशेपट्यांत आहे आणि शेपटीवाल्या माकडांत नाही. घटना साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीची. उंदरांच्या त्याच जनुकात तसाच बिघाड घडवून आणला तर काहींची शेपूट आखूड झाली, काहींना आलीच नाही. या कामामागचा संशोधक बो शिया याच्या डोक्यात हा प्रश्न शिरला तो टॅक्सीत त्याचं माकडहाड दुखावलं तेव्हा.

पायरी_चुकली
त्याला 'नेचर'मध्ये पेपर मिळाला. मला फक्त भोकाची उशी मिळाली.

खारूताई
आले. वकीलसाहेबांच्या 'गोल गोल राणी'वर देवमाशाला साक्षीला आणते.

देवमाशाच्या कमरेच्या जागी मांसात रुतलेली दोन हाडं असतात. पाठीच्या कण्याला जोडलेली नाहीत, बाहेरून काही दिसत नाही. शंभर वर्षं लोक म्हणत आले, हा श्रोणीचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, उरलेला तुकडा, फुकटचा. २०१४ मध्ये कळलं की त्यांना जननेंद्रियाचे स्नायू जोडलेले असतात, आणि ज्या जातींत नरांची आपसात चुरस जास्त, त्यांत ही हाडं मोठी असतात. चला, उपयोग सापडला. साक्षीदार फितूर?

नाही. कारण प्रश्न उपयोगाचा नव्हताच. त्या हाडाच्या जागेवरून आणि आकारावरून लोक म्हणत होते की देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे. हे विधान जीवाश्म सापडायच्या आधीचं आहे. म्हणजे 'आधी म्हटलं, मग तपासलं' हा क्रम आहे, वकीलसाहेब, गोल नाही. आणि मग काय सापडलं? पाकिस्तानात पाकिसेटस आणि अँब्युलोसेटस, चांगले चार पायांचे. इजिप्तच्या वाळवंटात बॅसिलोसॉरस, पंधरा मीटरच्या पुढचं धूड आणि त्याला हातभर लांबीचे मागचे पाय, गुडघा-घोटा-बोटांसकट. ते पाय १९९० मध्ये जगासमोर आले. त्यावर तो प्राणी उभा राहणं अशक्य.

सगळ्यात आवडती गोष्ट इंडोहायसची. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाने काश्मीरमधून खडक गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे दिले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना कानाचं हाड तुटलं, आणि त्याची भिंत एका बाजूला जाड निघाली, जशी तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. प्राणी केवढा? मांजराएवढा, खूर असलेला, हरणासारखा. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. डीएनएवाले आधीपासून सांगत होते की देवमाशाचे जवळचे नातेवाईक खूरवाले आहेत, पाणघोडा वगैरे.

आजही देवमाशाच्या गर्भाला मागच्या पायांचे कोंब येतात आणि जिरतात. क्वचित ते जिरत नाहीत. २००६ मध्ये जपानच्या ताईजीजवळ मागे दोन जादा पर असलेली डॉल्फिन सापडली होती.

उलटतपासणी
हं. क्रम महत्त्वाचा, हे मान्य. पुढे चालू द्या.

अडगळ
रेकॉर्डवर घ्या, कोर्ट 'हं' म्हणालं.

टाकेवाली
थोडी करमणूक. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मध्यावर एक दोरी ताठ वर आली? तो पामारिस लाँगस स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाकडे बांधणारी दोरी. जगात साधारण शंभरातल्या पंधरा जणांच्या एका किंवा दोन्ही हातांत तो नसतोच, समाजासमाजात हे प्रमाण बरंच बदलतं. नसणाऱ्यांच्या पकडीत जाणवण्याएवढा फरक नसतो. आम्ही सर्जन लोक तो काढून दुसरीकडे तुटलेल्या कंडऱ्याच्या जागी जोडतो. आमच्या दृष्टीने तो अंगातच ठेवलेला सुटा भाग आहे.

रात्रपाळी
उजवीकडे आहे, डावीकडे नाही. मी अर्धा उत्क्रांत.

पायरी_चुकली
दोन्हीकडे ठळक. माझं सगळंच मागासलेलं निघतंय.

मधलीसुट्टी
'अर्धा उत्क्रांत' आणि 'मागासलेलं' या दोन्ही शब्दांना लाल शेरा. उत्क्रांती म्हणजे शिडी नव्हे, वरच्या पायरीवर जाण्यासाठी कंडरा टाकावा लागत नाही.

अडगळ
मास्तर, एक जुना प्रश्न विचारून घेतो. पुरुषांची स्तनाग्रं?

टाकेवाली
अवशेषांग नाहीत. गर्भाचा सुरुवातीचा आराखडा दोघांचा एकच असतो, स्तनाग्रांची जागा आधी आखली जाते आणि मुलगा-मुलगी हा फरक नंतर पडतो. पुरुष कधीकाळी पाजत होते आणि आता थांबले, असं काही नाही.

खारूताई
मग जिराफाच्या गळ्यातली नस? मेंदूकडून स्वरयंत्राकडे जायचं तर खाली छातीत उतरून, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालून परत वर. काही सेंटिमीटरच्या कामासाठी चार मीटरच्या वर प्रवास. माशांत तीच नस कल्ल्यांकडे सरळ जाते. मान लांबत गेली तशी ती धमनीत अडकून खाली ओढली गेली.

मधलीसुट्टी
उदाहरण झकास, पण तेही अवशेषांग नव्हे. ती नस पूर्ण कामाची आहे, फक्त रस्ता इतिहासाने ठरवलेला. तुमचं म्हणणं मात्र त्याच दिशेचं आहे: शरीर कोऱ्या कागदावर आखलेलं नसतं, जुन्यावरच गिरवलेलं असतं.

रात्रपाळी
मी जनुकांतलं अवशेषांग सांगतो. क जीवनसत्त्व बहुतेक सस्तन प्राणी स्वतःच्या शरीरात बनवतात. आपण नाही, म्हणून ते खाण्यातून मिळालं नाही की आपल्याला स्कर्व्ही हा आजार होतो. पण ते बनवण्याची शेवटची पायरी करणारं जनुक, 'गुलो', आपल्यात आहे! मोडलेलं, तुकडे गळालेले, पण ओळखू येईल असं, योग्य जागी पडलेलं. चालत नाही, नुसतं पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जातं. प्रोग्रामर लोकांना कळेल, कोणी जुना कोड काढून टाकत नाही, न जाणो काहीतरी कोसळेल म्हणून.

मुद्दा पुढे आहे. हे जनुक माणूस, वानर, माकडं आणि टार्सिअर या सगळ्यांत मोडलंय. लेमूर आणि लोरिस या त्यांच्या जरा दूरच्या भाऊबंदांत शाबूत आहे. म्हणजे फांदी फुटली कुठे तेही कळतं. गिनीपिगचंही मोडलंय, पण वेगळ्या प्रकारे, त्याचं ते स्वतंत्रपणे. (म्हणूनच १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश यांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही घडवता आला. उंदीर वापरले असते तर काहीच दिसलं नसतं.)

वकीलसाहेब, दोन विद्यार्थ्यांची उत्तरं बरोबर असली तर काही सिद्ध होत नाही. दोघांच्या चुका तंतोतंत सारख्या असल्या तर?

उलटतपासणी
तर कॉपी. हा पुरावा मी घेतो. आंत्रपुच्छापेक्षा लाखपटीने बरा. पाठ्यपुस्तकात हा आधी का नाही?

जुनापुराणा
बऱ्याच वर्षांनी धाग्यात शिरतो आहे. शरीरातलं मला फारसं कळत नाही, वयोमानाने फक्त दुखतं कुठे ते कळतं. पण मास्तरांनी डार्विनचं नाव घेतलं म्हणून. त्याने या अवयवांना शब्दातल्या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची उपमा दिली होती. उच्चाराला त्यांचा उपयोग नाही, पण शब्द कुठून आला ते सांगतात. इंग्रजीत अशी अक्षरं रग्गड. मराठीत?

माझ्या लहानपणी आम्ही 'नांव', 'गांव', 'पांच', 'दांत', 'कांहीं', 'नाहीं' असं लिहायचो. त्या टिंबांचा उच्चार आमच्यापैकी कोणी करत नव्हतं. चुकलं की छडी मात्र मिळायची. मग १९६२ च्या नियमांनी ती टिंबं काढून टाकली आणि पोरं सुटली. पण ती टिंबं उगाच आली नव्हती. 'नांव'वरचं टिंब म्हणजे 'नाम'मधल्या म चा अवशेष. 'गांव'वरचं 'ग्राम'मधल्या म चा. 'पांच'वर 'पञ्च'चा ञ, 'दांत'वर 'दन्त'चा न. अनुनासिक झिजत झिजत उच्चारातून गेलं, कागदावर टिंब राहिलं. कोकणीत ते नाकातून अजून ऐकू येतं, म्हणजे जुन्या फांदीवर अवयव अजून जिवंत आहे.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. तुम्ही सगळे इथे 'केलं', 'गेलं', 'असं' लिहिता. पूर्वी 'केलें', 'गेलें', 'असें' होतं, टिंब नाकातल्या उच्चाराचं. आज 'केलं'वरच्या टिंबाने कोणी नाकात बोलत नाही. ते टिंब आता एवढंच सांगतं की शेवटचा 'ल' जरा लांबवा. म्हणजे त्याला उपयोग आहे. टिंब काढलं तर 'केल' उरेल आणि वाचणारा ठेचकाळेल. पण त्या उपयोगासाठी ते तिथे आलेलं नाही. उपयोग सापडला म्हणून त्याचा इतिहास पुसला जातो का? मला तरी वाटत नाही.

मधलीसुट्टी
जुनापुराणा काका, हे मी सोमवारी वर्गात चोरणार आहे.

खारूताई
_/\_ काका. 'केलं' लिहिताना आता दर वेळी टिंबाकडे बघेन.

रात्रपाळी
माझा कोडवाला दृष्टांत मागे घेतो.

पायरी_चुकली
एक बाळबोध शंका. न वापरल्यामुळे अवयव झिजतात, असंच ना? मग सतत मोबाइल धरून बाकीची बोटं गळतील का?

मधलीसुट्टी
नाही, आणि हा घोळ फार जुना आहे. डार्विनच्या आधीच्या लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं म्हणणं असंच होतं. ऑगुस्ट वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांच्या पाच पिढ्यांच्या शेपट्या कापून बघितल्या. ९०१ पिल्लं जन्मली, एकही बिनशेपटीचं नाही. एका जन्मात झिजलेलं पुढच्या पिढीत उतरत नाही.

अक्कलदाढेतही हे दोन धागे गुंतलेत. जबडा पूर्वजांपेक्षा लहान झाला हा वारशाचा भाग. पण मऊ अन्नावर वाढलेल्या मुलाचा जबडा त्याच्या स्वतःच्या हयातीतच कमी वाढतो, हा वाढीचा भाग, तो जनुकांत नाही. म्हणून 'अक्कलदाढेला जागा नाही' हे एकट्या उत्क्रांतीच्या खात्यावर टाकू नये. काहींना त्या दाढा येतच नाहीत, ते मात्र बऱ्याच अंशी वारशाने.

न वापरलेला अवयव मोडतो तो असा: कामाचा असेपर्यंत त्याच्यातला प्रत्येक बिघाड महागात पडतो, बिघडलेले जगत नाहीत किंवा त्यांना पिल्लं कमी होतात. काम संपलं की बिघाड खपून जातात आणि साचत राहतात. शिवाय अवयव पोसायला ऊर्जा लागते, तेव्हा तो बंद करणाऱ्याला कधी कधी फायदाच होतो. मेक्सिकोतल्या गुहांतले आंधळे मासे हे त्याचं नमुनेदार उदाहरण.

टाकेवाली
त्या माशांबद्दल मीच लिहिणार होते! त्यांच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते. मग भिंग मरतं आणि मागोमाग डोळा आत ढासळतो. २००० साली यामामोटो आणि जेफ्री यांनी नदीतल्या डोळस भाऊबंदांच्या गर्भातलं भिंग काढून या माशांच्या गर्भात बसवलं, तर डोळा वाढला! बाकी सगळं साहित्य गोदामात तयार होतं.

आणि त्याहून भन्नाट: वेगवेगळ्या गुहांतले दोन आंधळे मासे घेऊन त्यांचा संकर केला तर काही पिल्लं डोळस निघाली. २००८ चं काम आहे. कारण प्रत्येक गुहेत दृष्टी वेगवेगळ्या जनुकांत मोडली होती. एकाचं जे तुटलं ते दुसऱ्याचं शाबूत होतं.

उलटतपासणी
दोन आंधळ्यांची पोरं डोळस. थांबा, म्हणजे गुलोच्या उलट. तिथे सारखी चूक एक पूर्वज दाखवते, इथे वेगळ्या चुका सांगतात की प्रत्येक गुहेत डोळे स्वतंत्रपणे गेले. म्हणजे 'कसं मोडलं' हाच खरा पुरावा, 'उपयोग आहे की नाही' हा नव्हे.

माझा सुरुवातीचा आक्षेप पाठ्यपुस्तकातल्या वाक्याला होता, तो अजून कायम आहे. पण हे वेगळं प्रकरण आहे हे मान्य करतो.

मधलीसुट्टी
आणखी एक, तुमच्यासाठी खास. हे मोडीत निघू शकतं का, असं तुम्ही विचारणारच. शकतं. एखाद्या पक्ष्याच्या छातीवर स्तनाग्राचा अवशेष दाखवा, एखाद्या सस्तन प्राण्याच्या कातडीत पिसाचा कोंब दाखवा. देवमाशात पायाचा अवशेष सापडतो. देवमाशात पिसाचा अवशेष कधी सापडत नाही. अवशेष नेहमी स्वतःच्या घराण्यातलेच निघतात.

अडगळ
मी कान हलवू शकतो. कोणीच विचारलं नाही म्हणून सांगतो.

खारूताई
@अडगळ, बाकीच्यांचेही हलतात, फक्त दिसत नाहीत. २०२० मध्ये जर्मनीत कानामागच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून मोजलं. ज्या बाजूने आवाज आला किंवा ज्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितलं, त्या बाजूचे स्नायू जास्त चाळवले. कान वळवायची आज्ञा अजून निघते, कान फक्त जागचा हलत नाही.

जुनापुराणा
आमच्या घरात आज्ञा निघतात आणि कोणी हलत नाही, त्यातलाच प्रकार.

कोरडा_समुद्र
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो तिच्यासमोर. आंत्रपुच्छाबद्दल सांगितलं की त्यावर वाद आहे, ते सोडून दे. मग 'केलं'वरचं टिंब काढून दाखवलं. मग कॉपी करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचं. त्याला ती लगेच म्हणाली, "हो, चुका सारख्या असल्या की पकडतातच." जरा जास्तच अनुभवाने बोलल्यासारखं वाटलं, पण तो वेगळा धागा होईल.

मग तिने विचारलं, परीक्षेत काय लिहू?

मधलीसुट्टी
पुस्तकातली व्याख्या लिहायची आणि पुढे एक वाक्य जोडायचं: 'काही अवशेषांगे दुय्यम कार्य करतात.' तपासणारा मी असलो तर अर्धा गुण जास्त देईन.

उलटतपासणी
फक्त अर्धा?

कोरडा_समुद्र
मनगटाची चाचणीही केली. माझ्या दोन्ही हातांत दोरी आहे, तिच्या एकाही हातात नाही, बायकोच्या फक्त डाव्या. आता मुलगी घरभर सगळ्यांची मनगटं वाकवत फिरतेय. आजीचं मनगट बघताना आजीने विचारलं, काय शोधतेस, तर म्हणे माकड.

टाकेवाली
आजीचं काय निघालं?

कोरडा_समुद्र
दोन्हीकडे. आजी खूश आहे, तिला वाटतंय ती पास झाली.